‘तुमचं तेल कच्चं आहे’ म्हणजे नेमकं काय? (काजूच्या टरफलाचं तेल)

स्नेहल_कुडाळ

नमस्कार. हा प्रश्न शेतीच्या विभागात टाकायचा की रसायनशास्त्राच्या, ते ठरेना. चुकीच्या जागी पडला असेल तर हलवा.

कुडाळ तालुक्यात आमचं छोटं काजू युनिट आहे. दिवसाला ४०० किलो बी. बी वाफेवर उकडतो, पसरून गार करतो, दुसऱ्या दिवशी बायका कटरवर फोडतात. गर आत जातो आणि टरफलं गोणीत भरून मागच्या पडवीत. वर्षातून दोन-तीनदा ट्रक येतो, बॉयलरला जाळायला म्हणून घेऊन जातो. देईल तो भाव.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी घाटावरच्या एका बंद पडलेल्या शेंगतेलाच्या मिलमधून जुना एक्सपेलर, म्हणजे दाबून तेल पिळून काढणारं यंत्र, आणला. टरफलात तेल असतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. आजी चुलीत बिया भाजायची तेव्हा ते फुरफुरत पेट घ्यायचं आणि आम्ही पोरं लांब उभी राहायचो, कारण एकदा माझ्या मनगटावर उडालेल्या थेंबाचा डाग अजून आहे. पण काढून विकायचं म्हणून कधी काढलं नव्हतं.

तीन ड्रम तेल निघालं. रंग काकवीसारखा, वास तोच भाजलेल्या बीचा, पण जरा कडवट. मग एक व्यापारी आला. बाटली उजेडाकडे धरून पाहिली, पळीभर तेल घेऊन खाली लायटर धरला, फेस आला तसा म्हणाला, “वहिनी, तेल कच्चं आहे तुमचं. पाणीपण आहे.” आणि त्याने जो भाव सांगितला तो टरफलं तशीच विकली असती तर जेमतेम तेवढाच पडला असता. विजेचं बिल आमच्या अंगावर.

भाव पाडायला काहीतरी बोलतात हे मला माहीत आहे. पण खरंच तेल कच्चं-पक्कं असतं का? की हा फक्त धंद्यातला शब्द? आणि पाणी एकवेळ समजू शकते, पण फेस कशाचा?

---

घाटावरचा_राजा

ताई, टरफलं विका आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे सोयाबीनचं तेल काढायला गेलेले तिघं जण बघितले, तिघांचेही एक्सपेलर आज भंगारात आहेत. तेल काढणं सोपं, विकणं अवघड.

---

निवृत्त_रेझिनवाला

स्नेहलताई, प्रश्न अगदी योग्य जागी आलाय. मी ३१ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रेझिनच्या (राळेसारखा चिकट, नंतर घट्ट होणारा पदार्थ) कारखान्यात होतो, त्यातली निदान २० वर्षं तुमच्या ह्याच तेलाच्या वासात गेली. बायको म्हणायची, तुमच्या सदऱ्याला बिब्ब्याचा वास येतो. ती चुकत नव्हती. काजू, बिब्बा, आंबा, सगळे एकाच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून उततो, तोही ह्याच भावकीतला उपद्रव. धोबी बिब्ब्याने कपड्यावर खूण करायचे ती निघत नसे, आणि जपानी लोक ज्या झाडाच्या चिकाने लाकडी भांडी चकचकीत करतात तेही ह्याच घराण्यातलं.

आता तुमचा व्यापारी. भाव पाडला असेल, पण खोटं बोललेला नाही. तेल खरंच कच्चं आहे.

झालंय काय ते सांगतो. टरफलातल्या ताज्या तेलात सगळ्यात मोठा वाटा अॅनाकार्डिक आम्लाचा असतो, ढोबळमानाने ६० ते ६५ टक्के. सॅलिसिलिक आम्ल ऐकलं असेल, ज्याच्यापासून अॅस्पिरिन करतात. त्यालाच १५ कार्बनची लांब शेपटी जोडली की झालं अॅनाकार्डिक आम्ल. हे आम्ल तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे राहतं ते कार्डानॉल. बाजाराला हवं असतं ते कार्डानॉल. आम्ल नको असतं, कारण ते भांडं खातं आणि पुढे रेझिन करताना नको तेव्हा फेसाळतं. पळीतला फेस म्हणजे तोच सुटणारा वायू, जोडीला थोडी पाण्याची वाफ.

मोठ्या कारखान्यांत बी पूर्वी तेलाच्याच गरम हौदातून न्यायचे, १८० ते २०० अंशांना. तिथे टरफलातून सुटलेलं तेल हौदातच शिजून निघायचं, म्हणजे आपोआप पक्कं. तुम्ही बी वाफेवर उकडता. गर पांढराशुभ्र राहतो, तुटत नाही, हे उत्तमच. पण वाफेच्या तापमानाला आम्ल जवळजवळ जागचं हलत नाही. म्हणजे चांगल्या गराच्या पद्धतीने तुमचं तेल कच्चं ठेवलं. ह्यात तुमची चूक काही नाही, त्या व्यापाऱ्याने एवढं सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं!

घरच्या घरी खात्री करायची असेल तर पानाच्या डब्यातला चुना घ्या. पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी वरची निवळी अलगद ओतून घ्या. चार चमचे तेल काचेच्या उष्णतारोधक नळीत घेऊन ती गोड्या तेलाच्या भांड्यात धरून तापवा. नळीला बूच, बुचातून रबरी नळी, तिचं टोक निवळीत. १४० अंशांच्या पुढे बुडबुडे येऊन निवळी दुधाळ झाली तर तेल कच्चं. हे अंगणात करायचं, चष्मा लावून, शेजारी मूल नको. गॅस बंद करायच्या आधी रबरी नळी निवळीतून बाहेर काढा, नाहीतर गार होताना पाणी ओढलं जाईल आणि गरम तेलात पाणी गेलं की काय होतं ते कढईसमोर उभ्या राहणाऱ्या बाईला मी सांगायला नको.

असो. लांबलं. विचारा अजून.

---

सर्जेकोटचो

आमचो आजो पावसाआधी होडयेक ह्याच तेल लावी. लाकूड कुसणा नाय, किडो लागणा नाय. मातर जो लावी तेचे हात आठ दिस सोलवटत. आता फायबरच्यो होडयो इल्यो, तेल कोण लावता! स्नेहलबाय, वाश्यांक लावून बघ, वाळवी फिरकाची नाय.

---

स्नेहल_कुडाळ

काका, आधी एक, मला अहो-जाहो नका करू, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन.

दुसरं, केला प्रयोग! चुना सासूबाईंच्या डब्यातला. नळी, बूच वगैरे भाच्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलं. दोन नमुने घेतले. एक आमचं तेल. दुसरं ओळखीच्या एका मोठ्या कारखान्यातून बाटलीभर आणलेलं, ते अजून जुन्या पद्धतीने तेलाच्या हौदात बी भाजतात.

आमच्या तेलाने निवळी पाच-सात मिनिटांत ताकासारखी झाली. त्यांच्या तेलाने किंचित धुरकट, बस. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, “म्हणजे तुझ्या तेलात सोडा आहे होय.” मी म्हटलं, तसंच समजा.

तर आता व्यापाऱ्यावरचा राग निम्मा गेला. पण मग मीच मोठ्या कढईत तेल तापवून पक्कं का करू नये? शेजारी लग्नाची मोठी कढई आहे. २०० किलोचा ड्रम एकदम मावेल.

---

निवृत्त_रेझिनवाला

थांब! कढई परत कर त्यांना आजच.

हिशोब बघ. २०० किलो तेलात समज १३० किलो अॅनाकार्डिक आम्ल. त्याच्या दर ३४५ भागांतून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे साडेसोळा किलो वायू. साडेसोळा किलो ऐकायला किरकोळ वाटतं, पण खोलीच्या तापमानाला ते होतात नऊ हजार लिटरच्या आसपास. एवढा वायू एका दाट, चिकट तेलातून बाहेर पडणार. दूध उतू जातं तेव्हा त्यात एवढा वायू नसतो गं, तरी शेगडी भरून जाते.

१९८७ साली आमच्याकडे हेच झालं. रात्रपाळी, मी शिफ्टला. कच्च्या तेलाचा लॉट चुकून पक्क्याच्या टाकीतून आला आणि रिअॅक्टर, म्हणजे तेल शिजवायचं मोठं बंद भांडं, आम्ही नेहमीसारखा तीन चतुर्थांश भरला. १३५ अंशांपर्यंत काही नाही. मी चहाला गेलो. परत आलो तर मॅनहोलच्या कडेने तांबडा फेस उतरतोय, खाली पसरतोय आणि ऑपरेटर शिडीवर. त्याला काही झालं नाही, पण माझ्या पायाला, बुटाच्या वरच्या भागात, दोन आठवडे फोड होते. फरशीवरचे डाग माझ्या निवृत्तीच्या दिवशीही होते, मी मुद्दाम जाऊन पाहिले.

त्यानंतरचा माझा नियम: कच्चं तेल असेल तर भांडं एक तृतीयांशच भरायचं. उघडी आग नाही. बाहेरून गरम तेल फिरवणारं दुहेरी भिंतीचं भांडं. ढवळणी चालू. आधी ११० अंशांवर थांबून पाणी जाऊ द्यायचं, मग हळूहळू १४० आणि त्याच्या थोडं वर, फेस बसेपर्यंत. उगाच तापवत राहिलीस तर शेपट्या एकमेकींत अडकून तेल दाट होतं आणि मग ते कोणीच घेत नाही. धूर अंगावर घ्यायचा नाही, डोळे चुरचुरतात, चेहरा सुजतो. वर धुराडं हवं, ओढणारा पंखा हवा. हे घरामागच्या पडवीचं काम नव्हे.

आणि तेल पक्कं करताना वजन घटणार हे भावात धर. वायूचेच आठ टक्के जातात, पाणी वेगळं.

पाण्याचं म्हणशील तर भारतीय मानक ब्युरोचं ह्या तेलासाठी स्वतंत्र मानक आहे, आयएस ८४०. त्यात ओलावा एक टक्क्याच्या आत लागतो. उकडलेली टरफलं तू सरळ एक्सपेलरला घातलीस का? चार दिवस उन्हात पसरून मग घातलीस तर निम्मं भांडण तिथेच मिटेल.

---

कार्डानॉल_पीएचडी

काकांनी छान सांगितलंय. मी पुण्यात ह्याच विषयावर पीएचडी करतोय, तर थोडी भर आणि थोडा मतभेद.

भर अशी की कार्डानॉल हा एकच पदार्थ नाही. त्या १५ कार्बनच्या शेपटीत दुहेरी बंध कधी एकही नसतो, कधी एक, कधी दोन, कधी तीन, असं चौघांचं मिश्रण असतं. जवसाचं तेल दाराला लावलं की वाळून पापुद्रा धरतो ना, ते ज्या दुहेरी बंधांमुळे होतं तेच काम इथे शेपटीत होतं. काकांचं ‘शेपट्या अडकतात’ ते ह्यामुळेच. शेपटीतले बंध हायड्रोजन घालून संपवले तर पांढरा मेणासारखा घन पदार्थ मिळतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रा. वडगावकरांच्या गटाने कार्डानॉलपासून सुरुवात करून बरेच नवे पॉलिमर (प्लॅस्टिकसारखे लांब साखळीचे पदार्थ) केले. शेपटी असली की एरवी न विरघळणारे हट्टी पॉलिमर द्रावकात विरघळायला लागतात, हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं.

मतभेद असा की ताईंनी फक्त पक्क्या तेलावर का थांबायचं? कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफ करून ती पुन्हा गार करून, शुद्ध कार्डानॉल काढलं तर फिकट पिवळा माल मिळतो. त्याच्यापासून फिनाल्कामाइन होतात, म्हणजे इपॉक्सी रंग घट्ट करणारी द्रव्यं. थंडीत आणि ओलसर पृष्ठभागावरही ती काम करतात, म्हणून जहाजांच्या रंगात वापरतात. खरी किंमत तिथे आहे. टरफलाला जळण म्हणून विकणं म्हणजे चंदन चुलीत घालण्यासारखं वाटतं मला.

---

निवृत्त_रेझिनवाला

बाळा, शाब्बास. शेपटीचं तू माझ्यापेक्षा नीट सांगितलंस. पण ऊर्ध्वपातनाचं काचेच्या फ्लास्कमधलं गणित आणि कुडाळातलं गणित वेगळं.

२०० अंशांच्या वर तापमान आणि जवळजवळ निर्वात भांडं. त्यात तेल जरा जास्त वेळ राहिलं की तळाशी काळा, चिवट गाळ वाढत जातो. बाजारात त्याला रेसिडॉल म्हणतात. तोही विकला जातो, काळ्या रंगात, रेझिनमध्ये, पण शुद्ध मालाच्या भावाने नाही. व्हॅक्यूम पंप बिघडला की सगळा लॉट भांड्यातच घट्ट. आम्ही एकदा एक भांडं छिन्नी-हातोड्याने रिकामं केलंय. आणि शुद्ध कार्डानॉल हवेत राहिलं की पुन्हा तांबूस होतं, मग घेणारा रंगावरून हुज्जत घालतो.

आता तुझं गणित करू, स्नेहल. ४०० किलो बीतून टरफल समज २७०-८०. तुझा जुना एक्सपेलर त्यातून पाचवा हिस्सा काढेल, म्हणजे दिवसाला ५५ किलो. वर्षात २०० दिवस चाललीस तरी ११ टन. पक्कं केल्यावर १० च्या आसपास. एक टँकर २० टनांचा धरला तर वर्षभर घाणा फिरवून अर्धा टँकर! रेझिनचा कारखाना बारा महिने एकसारखा माल मागतो. तुझ्या अर्ध्या टँकरसाठी तो परचेस ऑर्डर काढणार नाही. म्हणून तुला मधला व्यापारीच गाठावा लागतो, आणि त्याला हे तुझ्याआधी कळलेलं असतं. ‘घाटावरचा राजा’ जे म्हणाले ते ह्याच अर्थाने खरं.

पण तुझ्यासारखे दहा-बारा जण तुझ्या तालुक्यात असतीलच. भांडं एकाचं, बाकीच्यांनी सुकवलेली टरफलं आणून द्यायची. तेल काढणं वेगवेगळं आणि शिजवणं एकत्र, असं करू नका. एक्सपेलरही एकाच जागी. नाहीतर एकाचं ओलं, एकाचं जुनं, एकात माती, आणि लॉट बिघडला की भांडण.

ह्या तेलाचं मोल परदेशात आधी कळलं ह्याची मला कायम खंत वाटते. १९२० च्या दशकात अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे नावाच्या रसायनतज्ज्ञाने ह्याच्यावर पेटंटं घेतली. रेझिन करून, घट्ट करून, दळून जी तपकिरी भुकटी होते ती ब्रेकच्या लायनिंगमध्ये जाते. घासून तापली तरी ती वितळून वाहत नाही आणि ब्रेक कमी किंचाळतो. फोंडा घाट उतरणाऱ्या ट्रकच्या चाकात कुठल्यातरी काजूचं टरफल काम करत असतं. तो ट्रक कदाचित तुझीच टरफलं घेऊन चाललेला असेल, जाळायला.

---

घाटावरचा_राजा

काका, माझं नाव घेऊन कौतुक केल्याबद्दल धन्यवाद 😄 पण एक विचारतो. तेल काढून उरलेल्या पेंडीचं काय? आमच्याकडे पेंड गुरांना जाते.

---

निवृत्त_रेझिनवाला

गुरांना अजिबात नाही! ही पेंड जळणच. उलट तेल काढलेली पेंड बॉयलरला जास्त बरी, कारण कच्ची टरफलं जाळली की काळा, झोंबणारा धूर होतो आणि धुराड्यात चिकट थर बसतो. म्हणजे ट्रकवाला तुझ्याकडून पेंड घेईलच, स्नेहल. तेल गेलं म्हणून जळण गेलं असं नाही.

---

स्नेहल_कुडाळ

टरफलं उन्हात घातली नव्हती, सरळ एक्सपेलरला. चूक कळली.

काल संध्याकाळी पाच कारखानेवाल्यांना आमच्या पडवीत बोलावलं होतं. तिघं आले. चुन्याच्या निवळीचा प्रयोग पुन्हा करून दाखवला. दोघं बघत राहिले, तिसरे म्हणाले हे सगळं ठीक, पण भांडं कोणाच्या जागेत बसणार? त्यावर तासभर गेला. शेवटी ठरलं इतकंच की आंब्याची गडबड संपली की पुन्हा बसायचं आणि तोवर प्रत्येकाने आपापली टरफलं सुकवून, वजन करून वहीत लिहायची.

आणखी एक. आमच्या कटरवरच्या बायका हाताला राख किंवा खोबरेल लावतात, तरी बोटांची साल जाते. रबरी हातमोजे आणून दिले तर म्हणतात बी हातातून सटकते. ह्याला काही उपाय आहे का? तेलापेक्षा मला हे जास्त टोचतं खरं तर.

---

निवृत्त_रेझिनवाला

पातळ नायट्राइलचे हातमोजे आण, डॉक्टर वापरतात तसले, मापाचे. जाड रबरी नकोत. फक्त तीन बोटांना बी धरावी लागते. तिथे त्याच्यावरून सुती मोज्याची कापलेली बोटं चढवायची, म्हणजे पकड राहते. मोजा फाटला की तासभरही तसाच वापरायचा नाही, आत गेलेलं तेल उघड्या हातापेक्षा वाईट, कोंडून राहतं.

तेल लागलंच तर आधी साबण नाही. खोबरेल चोळून फडक्याने पुसायचं, दोनदा, मग साबण. साबणपाणी एकट्याने ते पसरवतं. मला हे आमच्या जुन्या ऑपरेटरने शिकवलं, कुठल्या पुस्तकात नव्हतं.

वहीत वजनाबरोबर टरफलं किती दिवस सुकवली तेही लिहायला सांग सगळ्यांना.